तू मांडलेलं मातीचं गाव

शमा,

परवा तुझ्या घरी बसले होते. बायका एकेक करून येत होत्या, तुझ्या वहिनीच्या गळ्यात पडून रडत होत्या. तेवढ्यात तुमच्या गल्लीतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "लई शांत स्वभावाची होती बिचारी." इतका वेळ मी रडत होते, ते ऐकलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडावर धरला, खांदे हलायला लागले. वहिनीला वाटलं मला हुंदका आलाय, तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. शांत म्हणे! अगं, तुझा आवाज आपल्या शाळेतनं निघाला की खालच्या शेतात भांगलणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या. केंद्रप्रमुख एकदा कानावर हात ठेवून म्हणाले होते, "मॅडम, मी समोरच बसलोय." त्यावर तू त्याच पट्टीत म्हणालीस, "सवय हो साहेब, आमच्यात असंच बोलतात."

आता त्या आवाजाशिवाय हे लिहायला बसलेय. दोन वाक्यं झाली तरी कुणी मधेच तोडलं नाही, याचीच सवय नाही मला.

तू आमच्या वाडीवरच्या शाळेत आलीस तेव्हा तू टिकशील असं कुणालाच वाटलं नव्हतं. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी तुझ्याकडं. खाली भाताची खाचरं, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, शाळेच्या मागनं ओढा. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली बाई इथं काय राहणार? तू मलकापुरात आमच्याच घरी खालची खोली घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर वडापच्या जीपला उभी राहिलीस. जीप भरलेली. आत एक पैलवान गडी ऐसपैस बसलेला. तू वाकून म्हणालीस, "पावणं, सरकतासा का मांडीवर बसू?" जीपभर माणसं हसली, गडी लाजून टपावर गेला.

आणि ते तुझं पेठेतल्या पोरींचं बोलणं. "मी आलो", "मी जेवलो", "मी काय सांगालोय ऐक की." माझ्या सासूबाई दोन दिवस कोड्यात. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खालच्या खोलीत बाई राहती का बाप्या?" हे तुला सांगितलं तेव्हा तू जिन्यात बसून हसलीस. मग वर आलीस आणि सासूबाईंना मुद्दाम म्हणालीस, "मामी, मी भाकऱ्या थापायला आलो." त्यांनी तुला परात दिली. तेव्हापासनं घरात माझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तू तिसरीच्या पोरांना विचारलंस, "उत्तर दिशा कुठं हाय, दावा बघू." सगळ्यांनी बोटं वर केली. छपराकडं. नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते हे पोरांनी पाठ केलेलं, आणि नकाशा भिंतीला टांगलेला. म्हणजे उत्तर कौलांत. मी दारात उभी होते. मला वाटलं आता तू ओरडणार. पण तू स्टुलावर चढलीस, खिळ्यावरनं जिल्ह्याचा नकाशा काढलास, बाहेर पटांगणात उन्हात नेऊन अंथरलास. पोरांना आपापल्या सावल्या बघायला लावल्यास. सूर्य कुठं, सावली कुठं, मग पूर्व कुठली, उत्तर कुठली. आणि मग सगळ्यांनी मिळून चारी कोपरे धरून तो नकाशा गोल गोल फिरवला, नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेला येईपर्यंत. खाली ठेवला तेव्हा एक पोरगं नकाशावर पालथं पडून म्हणालं, "म्हंजी कोल्हापूर त्या खिंडीकडनं हाय व्हय!" त्याचे वडील दर सोमवारी त्याच खिंडीतनं कामाला जायचे. ते कुठं जातात हे त्याला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासनं आपल्या शाळेतला नकाशा भिंतीवर गेला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, नकाशा जमिनीवर का? तुझ्याआधी एक पोरगीच बोलली, "सायेब, तितं टांगला की उत्तर वर जाती."

मी तुझ्याशी भांडायला सुरुवात केली ती त्याच सुमारास. माझं म्हणणं साधं होतं. पोरांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचंय, पुढं तालुक्याच्या शाळेत जायचंय. तिथं कुणी त्यांना ओढ्यात उतरवून प्रश्न विचारणार नाही. तू म्हणायचीस, "वैजे, ज्याला घरामागचा ओढा कळला न्हाई त्याला गोदावरी काय कळणार, कप्पाळ?" मी म्हणायचे, गोदावरी पाठ होते, मार्क मिळतात. तू म्हणायचीस, "पाठ झालेली गोदावरी सुट्टीत आटती." जीपमधली माणसं आपल्या भांडणाची वाट बघायला लागली होती. एखाद्या दिवशी आपण गप्प बसलो तर ड्रायव्हर आरशातनं विचारायचा, "काय बाई, आज सुट्टी काय?"

पटांगण पावलांनी मोजायला लावलंस तो दिवस आठवतोय? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पोरं हातघाईवर आली, "तू खोटं मोजलंस", "तुजे पाय बारके." तू मजेत पायरीवर बसून भांडण बघत होतीस. मी माझा वर्ग सोडून ओरडत आले, तर तू मलाच गप्प केलंस. शेवटी अश्विनी म्हणाली, "बाई, एकाच्याच पायानं मोजूया." हे मी लक्षात ठेवलंय, कारण अश्विनी तोवर वर्गात कधी बोलली नव्हती. सरपंच आबांची नात, घरात सगळे मोठ्यानं बोलणारे, म्हणून ही बोलायचंच विसरलेली. "कुणाच्या पायानं?" तू विचारलंस. पुन्हा भांडण. मग कुणीतरी दोरी आणली. मोजमाप कशाला शोधलं माणसानं, हे त्या पोरांना भांडून कळलं. माझ्या पुस्तकात ते एका ओळीत होतं.

आणि ओढा. "आपला ओढा कुठनं येतो?" असं तू विचारल्यावर "मोरीतनं" असं उत्तर आलं. रस्त्याखालच्या मोरीतनं तो शाळेकडं येतो, त्याच्या पलीकडं कुणी कधी विचारच केला नव्हता. पाऊस संपून वाटा वाळल्यावर तू दोन्ही वर्गांना घेऊन उलटी वर निघालीस. मला न्यायचं होतं म्हणून पहिली-दुसरीही. मी कुरकुरत निघाले, हातात काठी, पिशवीत सगळ्यांच्या भाकऱ्या. काही पोरांच्या आयाही आल्या, कारण तू त्यांना सांगितलंस की पोरं एकटी न्यायची न्हाईत मी, तुम्हीच दावा वाट. एका वळणावर ओढा दोन झाला. पोरं थांबली. कुठला खरा? तू म्हणालीस, "दोन्ही खरे." पुढं तो बारीक होत गेला, मग दगडात नुसता ओलावा राहिला, मग हिरवं शेवाळ, मग तेही नाही. एक पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "बाई, हारवला."

तू त्याला उचलून सड्यावर उभं केलंस. तिथनं पश्चिमेचा कडा जवळच. आपण सगळी हात धरून कड्यापासनं लांबच उभी राहिलो. खाली कोकण, धुरकट. तू म्हणालीस, इथं पडलेला एक थेंब ह्या अंगाला गेला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो, आणि हातभर त्या अंगाला पडला तर आपल्या ओढ्यात, कडवीत, आणि फिरत फिरत पार पलीकडच्या समुद्राला. पोरांचा विश्वास बसेना. अश्विनीनं बाटली उघडली. थोडं पाणी इकडं सांडलं, थोडं तिकडं. आणि वाकून दोन्ही ओलसर डागांकडं बघत म्हणाली, "जावा आता." कुणाला तरी प्रवासाला धाडावं तसं. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरले होते आणि ते तुला दिसले असते तर तू वर्षभर बोलून दाखवलं असतंस.

आता ते मातीचं गाव. त्यावर बोलल्याशिवाय तू मला उठू देणार नाहीस.

दिवाळीनंतर तू पोरांना घेऊन शाळेच्या मागं गाव मांडायला घेतलंस. जांभी माती, डोंगराला दगड, झाडीला शेवाळ, रस्त्यांना राख. घरं म्हणजे कौलांचे तुकडे. ओढ्याला रंग द्यायचा नाही. पाणी ओतलं की तोच ओढा, असं तुझं म्हणणं. चढउतार डोळ्यांनी ठरवायचे नाहीत म्हणून तू गवंड्याची पाण्याची नळी मागून आणलीस. दोन टोकांना दोन पोरं, नळीतलं पाणी कुठं थांबतं ते बघायचं, देवळाची पायरी उंच की शाळेचं जोतं, हे ठरवायचं. महिनाभर पोरं गावभर ती नळी घेऊन फिरत होती. बायका दारातनं हाका मारायच्या, "आमचं अंगण मोजलासा का?"

त्याच दिवसांत आपल्याला नवी खोली मंजूर झाली होती. माझे पहिली-दुसरीचे वर्ग व्हरांड्यात बसायचे, पावसाळ्यात वाशांवरनं पाणी ठिबकायचं. सरपंच आबांनी शाळेच्या वरच्या अंगाची सपाट मोकळी जागा दाखवली होती. गवताळ, जराशी खोलगट, कुणाच्या मालकीची नाही. मी इतकी खुशीत होते की मातीच्या गावात नवी खोली म्हणून काडेपेटी मीच ठेवली, माझ्या हातानं.

आबा नातीच्या हट्टानं गाव बघायला आले. धोतराचा सोगा सावरून उकिडवे बसले. अश्विनी म्हणाली, "आजोबा, बगा हां," आणि तिनं सड्याकडच्या टोकावर तांब्या कलंडला. पाणी ओढ्यानं आलं, शाळेच्या वर फुटलं, एक धार खोलगट जागेतनं सरळ आली आणि माझी काडेपेटी उचलून घेऊन गेली.

"बाई, शाळा व्हावली!" पोरं नाचायला लागली.

आबा हसले नाहीत. "असं कसं येईल पाणी? मधी बांध हाय की."

"व्हय, बांध ऱ्हायला," तू म्हणालीस. "घाला रे बांध."

पोरांनी चिखलाचा बांध घातला. अश्विनीनं पुन्हा ओतलं. बांध टिकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात मोठ्यानं. तिनं आणखी एक तांब्या ओतला. बांध मधोमध खचला.

आबा उठले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "त्यो बांध माज्या बापानं घातलाय बाई. त्याच्यावर माजी खाचरं हाईत. आजवर त्येचा एक दगूड हलला न्हाय." आणि मागं न बघता गेले.

तू दुसऱ्या दिवशी पोरांना त्या खोलगट जागेत नेलंस, गवताखाली उकरायला लावलंस. खाली गोटे निघाले, गुळगुळीत, गोल. "दगड कोण गोल करतं?" तू विचारलंस आणि पोरं एका आवाजात म्हणाली, "पाणी!" तू तसाच एक गोटा माझ्यासमोर धरलास. मी तो हातात घेतला नाही.

जीपमध्ये त्या दिवशी आपण जे बोललो ते ऐकून ड्रायव्हरनंही आरसा फिरवला. मी म्हणाले, "तुला नकाशा पाहिजे, मला छप्पर पाहिजे. माझी पोरं भिजतात." तू म्हणालीस, "भिजलेली पोरं वाळतात." मी म्हणाले, "जुना ओढा होता म्हणून तो परत येईल असं कुठं लिहिलंय?" तू म्हणालीस, "पाणी वाचतंय होय कुठं काय लिहिलंय ते?" मग आपण बोलणं सोडलं. घरात तू खालनं सासूबाईंना हाक मारायचीस, त्या वरनं मला निरोप द्यायच्या. एका जिन्याचं अंतर आणि मधे म्हातारी पोस्टमन. त्या वैतागून म्हणाल्या, "माजे गुडघे गेले तुमच्या भूगोलानं."

त्या शनिवारी तू तालुक्याला प्रशिक्षणाला गेली होतीस. मी दोन्हीकडचे वर्ग सांभाळत होते. आबा आले. सरळ मागं गेले आणि नातीला म्हणाले, "वत बघू पुन्हा. दमानं वत." मग त्यांनी स्वतः बांध घातला. मी खिडकीतनं बघत होते. एवढा मोठा माणूस, पंचक्रोशीत ज्याच्या शब्दावर माणसं उठतात बसतात, तो उकिडवा बसून दोन्ही तळव्यांनी चिखल थापत होता. अगदी नीट, खऱ्या बांधाला थापतात तसा. अश्विनीनं दमानं ओतलं. बांधानं बराच वेळ पाणी धरलं. मग खचला. आबांनी पुन्हा घातला, पहिल्यापेक्षा रुंद. पुन्हा ओतायला लावलं. तो फुटला तेव्हा त्यांनी तिथंच हात धुतले, दारात आले आणि मला म्हणाले, "बाईस्नी सांगा, जागा बदलूया. देवळामागला माजा तुकडा घ्या. पर चढ हाय, खणायला लागंल."

संध्याकाळी मी जिना उतरून तुझ्या दारात आले. मला वाटलं तू उड्या मारशील. तू म्हणालीस, "काय काय म्हणाले, तसंच्या तसं सांग." मी सांगितलं. "सोताच्या हातानं घातला बांध?" तू विचारलंस. मी "व्हय" म्हणाले. तू भाकरीचं पीठ मळत होतीस. तसाच पिठाचा हात कपाळाला लावून तू रडलीस. म्हणालीस, "वैजे, बापाचा बांध फोडून घेतला गं त्या माणसानं. पोरांसमोर मी असं कराय नको होतं."

मला त्या क्षणी तू जितकी आवडलीस तितकी त्याआधी आवडली नव्हतीस. हे तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतेय.

जागा बदलली, कागद पुन्हा वर गेले, आणि व्हायचं तेच झालं. मंजुरी लांबली. दोन पावसाळे माझी पोरं त्या ठिबकणाऱ्या व्हरांड्यातच बसली. पाऊस तिरका यायला लागला की तू तुझ्या खोलीचं दार उघडून ओरडायचीस, "या आत, कोंबड्यांनो!" आणि चारी वर्ग एका खोलीत. मी दर पावसाला टोमणा मारायचे, तू दर वेळी एखाद्या भिजलेल्या पोराचं डोकं तुझ्या ओढणीनं पुसायचीस. अखेर खोली झाली, देवळामागं, चढावर.

मग तो पावसाळा आला, ज्यात अख्खा जिल्हा पाण्यात गेला. कोल्हापुरात तुमच्या गल्लीत पाणी शिरलेलं, रस्ते बंद, तू आमच्या घरी अडकलेली. तुझ्या भावाचा, मुनीरभाईंचा फोन लागेपर्यंत तू जेवली नाहीस. आणि फोन लागल्यावर, घरचे सगळे नातेवाइकांकडं सुखरूप आहेत हे कळल्यावर, पहिलं वाक्य काय म्हणालीस? "वाडीवर काय झालं असंल गं?"

वाट उघडल्यावर आपण चालतच गेलो. बांध फुटला होता. मातीच्या गावात फुटायचा त्या जागी नाही, जरा अलीकडं. खोलगट जागेत गाळ, गोटे, एक आख्खं झाडाचं खोड. चढावरची खोली पत्र्यावरच्या पालापाचोळ्यासकट कोरडी. पोरं धावत आली, "बाई, आपलं खरं झालं! आपलं खरं झालं!" तू त्यांना गप्प केलंस. एवढ्या हळू आवाजात तुला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तू सरळ आबांकडं गेलीस. त्यांची खाचरं गोट्यांखाली गेलेली. तू त्यांच्या पडवीत बसलीस. मातीच्या गावाचं नाव काढलं नाहीस, त्यांनीही काढलं नाही. चहा घेतला. उठताना म्हणालीस, "आबा, शनिवारी पोरांना आणतो. गोटे वेचायला."

आणि आणलंस. पोरं, आया, आपण दोघी, पाट्या भरभरून गोटे बांधावर टाकत होतो. त्यातही तू थांबवायचीस, "हा बघ, हा सड्यावरचा जांभा. आणि हा काळा, हा आणखी कुठला रे?" आबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, आज तरी शाळेला सुट्टी द्या की." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

पण आपलं भांडण मिटलं नाही. पाण्याची खूण मी बघून ठेवली होती. गुडघाभर. मी म्हणाले, जोतं उंच केलं असतं तर खोली तिथंही टिकली असती, आणि माझी पोरं दोन पावसाळे भिजली नसती. तू म्हणालीस, "आणि ते खोड? ते जोतं चढून आलं नसतं?" मी म्हणाले, ते अडकलं असतं वर. तुझी बदली शहराजवळ झाली, तू निवृत्त झालीस, तरी फोनवर तेच. "जोतं, वैजे." "खोड, शमे." सणावाराच्या शुभेच्छा त्यानंतर.

शेवटची तुला भेटले तेव्हा तुझा आवाज गेला होता, म्हणजे इतरांसारखा झाला होता. मी आल्या आल्या खोटं बोलायला लागले, रंग सुधारलाय, पुढच्या महिन्यात मलकापूरला ये. तू हातानं ते बाजूला सारलंस. मला जवळ बोलावलंस. "खरं सांग. ऱ्हायली असती खोली?"

मला कळलं, तुला काय बघायचंय. मी जर म्हणाले असते, नाही गं, तूच बरोबर होतीस, तर तुला समजलं असतं की मी तुझी आशा सोडलीय. भांडण फक्त जिवंत माणसाशी करतात. म्हणून मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ऱ्हायली असती. जोतं उंच पाहिजे होतं." तू हसलीस. केवढी हसलीस. वहिनी पाणी घेऊन धावत आली. "खुळी हाईस," तू म्हणालीस, आणि माझा हात धरून डोळे मिटलेस.

खरं सांगू? मला अजूनही माहीत नाही. कधी वाटतं राहिली असती, कधी ते खोड डोळ्यांसमोर येतं आणि व्हरांड्यातली माझी पिल्लं त्या खोलीत बसलेली दिसतात. मग मी उठून पाणी पिते. एवढंच तुला सांगायचं राहिलं, की मला माहीत नाही, आणि माहीत नसताना इतकी वर्षं भांडायला तू होतीस हे माझं भाग्य.

परवा मुनीरभाई मला सोडायला स्टँडपर्यंत आले. वाटेत म्हणाले, "कबरीची दिशा मी दोनदा बघून घेतली. तिसऱ्यांदा पण बघणार होतो. जरा जरी चुकली असती तर ही उठून बसली असती आणि सगळ्या कबरस्तानाला शिकवलं असतं." आम्ही दोघं भर रस्त्यात हसलो, आणि मग त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले.

काल शाळेत गेले. आता चारी वर्ग मीच बघते, दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. पोरांना सांगितलं. त्यांनी तुला बघितलेलं नाही, पण त्यांच्या दादा-ताईंनी तुझा आवाज काढून दाखवलेला आहे, म्हणून ती गंभीर झाली. मधल्या सुट्टीत दारात काठी वाजली. आबा. आता वाकलेत, चढ चढायला वेळ लागतो. अश्विनीचं कॉलेज कोल्हापुरात सुरू आहे, तिनंच फोनवर कळवलं त्यांना.

पायरीवर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "कोल्लापुरातच माती दिली न्हवं?"

"व्हय आबा."

ते शाळेमागच्या ओढ्याकडं बघत होते. "आपलं ह्ये पाणी कोल्लापुरासनं जातंय काय वो बाई?"

मी म्हणाले, "न्हाई आबा. आपलं कडवीतनं वारणेला जातं. कोल्हापूरचं पंचगंगेचं."

त्यांचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. मी पुढं म्हणाले, "पण दोन्ही कृष्णेला जातात. खाली, नरसोबाच्या वाडीला, पंचगंगा येऊन मिळते. तिथनं पुढं सगळं एकच पाणी."

"मिळत्यात न्हवं?" आबा म्हणाले. काठी टेकून उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मग बास झालं."